काही नागरिक घराबाहेर आले

भूकंप केवढा झाला हे आमच्या घरात आईच्या चपलेवरून ठरायचं. हे सांगितलं की लोक हसतात, आणि खुशाल हसू देत. नांदेडच्या एका दैनिकाच्या जिल्हा पानावर भूकंपाच्या बातम्या कित्येक वर्षं याच मापाने लहानमोठ्या झाल्या आणि वाचकांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. बाकी तक्रारी ते पुष्कळ करायचे.

बाबा त्या दैनिकात उपसंपादक होते. जिल्ह्याचं पान त्यांच्याकडे असे. कुठं बस उलटली, कुठल्या गावात टँकर पोचला नाही, कोणाचा सत्कार झाला, सगळं त्यांच्या टेबलावरून पुढं जायचं. मी शाळेत असताना नांदेडच्या नशिबी एक नवीनच उपद्रव आला. जमिनीतून आवाज यायचे. लांब खाणीत सुरुंग उडाल्यासारखं धप्प व्हायचं आणि मग पायाखाली काहीतरी सरकल्याची नुसती शंका. कधी आठवड्यात दोनदा, कधी महिना महिना काही नाही. आवाज झाला की अर्धं शहर बाबांच्या ऑफिसात फोन करायचं. प्रत्येकाच्या मते सगळ्यात मोठा हादरा त्याच्याच गल्लीत बसलेला असे. काही जण तर फोटोग्राफर पाठवा म्हणायचे. कशाचा फोटो काढायचा, हे बाबांनी विचारलं की ते चिडायचे.

बातमी द्यावी तर दुसऱ्या दिवशी लोक म्हणणार, तुम्ही पेपरवाले उगीच घाबरवता. न द्यावी तर म्हणणार, आमची घरं हलली आणि तुम्हाला त्याचं काही नाही. यंत्रावरची नोंद म्हणावी तर ती सरकारी वाटेने फिरत फिरत यायची, तोवर पान छापून गावोगाव गेलेलं असे. आणि बरेचदा ती 'नोंद नाही' एवढीच असायची. म्हणजे कोणता हादरा लिहून ठेवण्याच्या लायकीचा आणि कोणता सोडून देण्याच्या, हे पान छपाईला सोडायच्या आत एका माणसाला ठरवावं लागे, आणि तो माणूस ऑफिसात बसून असे, जिथं छपाईच्या मशीनमुळे खुर्ची तशीही हलतच असायची.

मग बाबा घरी फोन करायचे. फोन बहुतेक मीच उचलायची. ते 'हॅलो'सुद्धा म्हणत नसत.

"आई बाहेर आली का?"

मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. चप्पल घालून आली का अनवाणी? आई जागची उठलीच नसेल तर बातमी नाही. उठली, दारापर्यंत गेली आणि पुटपुटत परत फिरली तर 'थोडक्यात'मध्ये दोन ओळी. चप्पल घालून अंगणात आली तर एक कॉलम, वर छोटं शीर्षक. अनवाणी आली तर पहिलं पान. ते कधी झालं नव्हतं. ऑफिसातल्या लोकांनाही ही पद्धत माहीत झाली होती. जरा उशीर झाला की कोणीतरी ओरडायचं, वहिनींचे पाय कुठवर आलेत ते विचारा, म्हणजे पान सोडता येईल. बाबाही हसायचे, पण विचारल्याशिवाय पान सोडायचे नाहीत.

या मापाला कारण होतं. मी दीड वर्षाची असताना आई मला घेऊन महालक्ष्म्यांना माहेरी गेली आणि गणपती उठेपर्यंत थांबली. औशाच्या पुढं, किल्लारीच्या अंगाला तिचं गाव. पहाटे भूकंप झाला तेव्हा ती मला काखेत मारून अंगणात कशी आली, हे तिला कधीच सांगता आलं नाही. तिच्या मागं दगडमातीचं घर होतं, आणि मग नव्हतं. आजी-आजोबा आतच राहिले. बाबा मिळेल त्या गाडीने, ट्रकने, काही अंतर चालत तिथं पोचले तेव्हा आई शाळेच्या मैदानात बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिच्या पायांत काही नव्हतं. बाबांनी आधी तिच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं. आपल्या चपला काढून त्यांनी तिला घातल्या आणि नांदेडपर्यंतचा प्रवास स्वतः अनवाणी केला.

तेव्हापासून आई चपलेपासून लांब राहिलेली मी पाहिली नाही. सकाळी अंघोळ करून लिंगपूजेला बसायची तेवढाच वेळ, तोही दाराजवळ बसून. झोपताना चप्पल खाटेच्या कडेला, तोंड दाराकडं करून ठेवलेली असे. मी खेळताना ती जरा इकडंतिकडं सरकवली की पाठीत धपाटा मिळायचा. नांदेडच्या हादऱ्यांना मात्र ती भूकंप म्हणायला तयार नसे. "हे भूकंप न्हाईत," ती म्हणायची, "जमिनीला ढेकर येऊन राहिले." तरी ती उठायची, पाय चपलेत सरकवायची आणि बाहेर जाऊन यायची. आम्हा तिघांच्या घरात या गोष्टीची कोणाला भीती वाटायची नाही. आवाज झाला, आई उठली, फोन आला, बातमी ठरली. मला तर तो एक घरगुती खेळच वाटे, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, म्हणजे फोन उचलण्याचं, माझ्याकडं होतं.

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि घरात खरा हादरा बसला. डॉक्टर व्हायचं मी ठरवलं होतं की गल्लीने, हे आता आठवत नाही. पण निकालाचे पेढे संपायच्या आत जो तो म्हणायला लागला, लातूरला टाका. त्या दिवसांत लातूर हे गाव नव्हतंच, ते एक औषध होतं. भोकरहून काका आले तेही हेच सांगून गेले. मुलीला एकटीला कसं ठेवायचं, तर आईने बरोबर जायचं. तशी पद्धतच पडली होती. बाबा म्हणाले, दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे. हे वाक्य त्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या घराघरांतून म्हटलं गेलं असणार.

आईला विचारलं तर ती म्हणाली, जाते की. एवढंच. पण मला माहीत होतं की भूकंपानंतर ती लातूरच्या स्टँडवर उतरायचंही टाळत आली होती. लातूर म्हणजे तिच्या दृष्टीने त्या गावाकडं जाणारा रस्ता. तो रस्ता तिने माझ्यासाठी धरला. मी मात्र तेव्हा नवीन सायकल कोणत्या रंगाची घ्यायची यात गुंतले होते.

खोली मिळाली ती एका डाळमिलच्या मागच्या गल्लीत. घरमालकीण वयस्कर मुसलमान बाई होत्या. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणायची. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या गिरण्यांच्या चाळण्या बनवण्याचं काम. गल्लीतल्या बाकीच्या खोल्यांतून आमच्यासारख्याच जोड्या होत्या, एक आई आणि एक पोरगं. परभणीची आई, उदगीरची आई, अहमदपूरची आई. औसा-निलंग्याकडच्याही दोघी-तिघी होत्या, आणि त्या सगळ्याच जणी आईसारख्या रात्री उशाशी चप्पल ठेवायच्या. पोरं सकाळी अंधारात सायकलींवरून क्लासला निघायची. चौकाचौकांत गेल्या वर्षी नंबरात आलेल्या मुलांचे फोटो लावलेले असत. त्या फोटोंतली मुलं आमच्याकडं बघून हसायची, त्याचा मला फार राग यायचा. रविवारी बाप लोक ज्वारीचं पोतं आणि तुपाची बरणी घेऊन एसटीने यायचे, दुपारचं जेवण करून परत जायचे. आमच्याकडं तेही नाही. सोमवारचा पेपर रविवारी निघतो, त्यामुळं बाबांना रविवार नसे.

गिरणी चालू असली की आमच्या खोलीची फरशी थरथरायची. हांड्यातल्या पाण्यावर बारीक रेघा उमटत. डाळीच्या चुनीचा, त्या साल-चुऱ्याचा वास कपड्यांत, केसांत बसायचा. सुरुवातीला आई खोलीत टेकायचीच नाही. भाजी निवडायला, तांदूळ पाखडायला, सगळ्याला बाहेर ओट्यावर. हळूहळू सवय झाली. सुगीच्या दिवसांत गिरणी अखंड चालायची, आणि बंद व्हायची तेव्हा आधी भोंगा वाजवायची. पुढं पुढं तर त्या थरथरीशिवाय आईला झोप येईनाशी झाली. हे तिने बाबांना सांगितलं नव्हतं.

तसं ती त्यांना काहीच सांगत नसे. मोबाइल होता, रोज बोलणं व्हायचं. गॅस संपला का, दूधवाल्याला किती घालायला सांगितलं, धुणं वाळलं का. ती ओट्यावर उभी राहून बोलायची आणि शेजारच्या चारजणी ऐकत असायच्या. तिकडं बाबांच्या भोवती ऑफिस. नवरा-बायकोंनी फोनवर एकमेकांची आठवण काढायची, ही रीत आमच्याकडं नव्हती. मी एकदा आईला विचारलं की तुला करमतं का इथं, तर ती म्हणाली, तू जीवशास्त्राचं वाच.

आम्ही गेल्यावर नांदेडला पहिला आवाज झाला तेव्हा बाबांचा फोन सवयीने आला. मी उचलला. पलीकडून 'आई' एवढंच आलं. मग म्हणाले, काही नाही, अभ्यास कर. त्या दिवशी घरात उठून बाहेर जाणारं कोणी नव्हतं. माप घेऊन आम्ही लातूरला आलो होतो.

मग एक गंमत सुरू झाली. बाबा सगळेच हादरे छापायला लागले. पूर्वी ज्याला दोन ओळी मिळाल्या नसत्या त्याला आता एक कॉलम मिळायचा. आणि तो नुसता नांदेडच्या पानावर न ठेवता ते लातूरच्या अंकातही पाठवायचे. खालांच्या घरी तो पेपर यायचा, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं म्हणून आई रोज ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवायची. एक दिवस तिने वाचलं की नांदेड शहरात काल दुपारी सौम्य धक्का जाणवला, काही घरांत मांडणीवरील पितळी डबे एकमेकांवर आपटले. आई वाचता वाचता थांबली. मला हाक मारून म्हणाली, "हे माझे डबे हायत."

मी म्हटलं, सगळ्यांच्याच घरी असतात डबे. पण तिचं बरोबर होतं. तिने निघताना डबे एकमेकांना खेटून लावले होते. आपटले म्हणजे कोणीतरी त्यातून काहीतरी काढून ते परत जागेवर नीट लावलेले नव्हते. पुढच्या बातमीत एका घराबाहेरची तुळशीची कुंडी हलल्याचं होतं, आणि तिला पाणी घातलं जातंय की नाही यावर आईने दिवसभर तर्क केले. तिसऱ्या बातमीत आलं की काही नागरिक घराबाहेर आले आणि बराच वेळ रस्त्यावर उभे राहिले. मग ते काही नागरिक वरचेवर यायला लागले. काही नागरिकांना झोप लागली नाही. काही नागरिकांनी चहा न घेताच दिवस सुरू केला. हे कोणत्या वृत्तपत्रीय नियमात बसत होतं देव जाणे. वरच्या साहेबांनी त्यातलं बरंच कापलंही असेल.

खालांनी एकदा विचारलं, "ये काही नागरिक कोन हाय गे? हर बार इसकोच तकलीफ." आई पेपराची घडी घालत म्हणाली, असतात एक जण. तिचे कान लाल झाले होते. मला तेव्हा सतराव्या वर्षी हे दोघं फार बावळट वाटले. आज मी तशी एक ओळ कोणाकडून तरी यावी म्हणून काय देईन, ते सांगता येत नाही.

बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. क्लास संपले होते, सराव चालू होता, मी दिवसभर खोलीतच असे. तुरीचा हंगाम भरात होता आणि गिरणी कित्येक दिवस थांबली नव्हती. दुपारची जेवणं झाली होती. आई भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. मी समोर रसायनशास्त्र घेऊन डुलक्या काढत होते. आणि एकाएकी सगळं थांबलं.

भोंगा वाजला नाही. नंतर कळलं की गिरणीचा मोठा पट्टा तुटला होता. त्या क्षणी एवढंच कळलं की फरशी स्तब्ध झाली आणि हांड्यातलं पाणी सपाट झालं. मी डोकं वर काढलं तर आईच्या जागेवर शेंगांची टरफलं पसरली होती आणि आई नव्हती. मी धावत दारात गेले. सगळी गल्ली बाहेर होती. उदगीरच्या काकूंच्या हाताला पीठ, परभणीच्या काकूंचे केस ओले, औशाच्या काकू पोराचं मनगट धरून. कोणी किंचाळलं नाही, कोणी कोणाला हाक मारली नाही. सगळ्याजणी आपापल्या घराकडं तोंड करून उभ्या होत्या, घर पडायची वाट बघत. मी दचकून आत बघितलं. आईची चप्पल उंबऱ्याच्या आत तशीच होती.

घरं पडली नाहीत. एक कुत्रं आळस देऊन परत झोपलं. मग गिरणीच्या गेटातून कामगारांचा गलका ऐकू आला आणि पट्टा तुटल्याचं कळलं. खाला ओट्यावर येऊन सगळ्यांकडं बघत राहिल्या. म्हणाल्या की हललं की माणसं घाबरतात हे माहीत होतं, हलायचं थांबलं म्हणून घाबरलेली माणसं आज बघितली. मग एकदम हसू फुटलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. आई मात्र हसली नाही. ती आपल्या पायांकडं बघत होती.

तिने माझ्याकडून मोबाइल मागून घेतला. एवढ्या वर्षांत हादऱ्यानंतर फोन करायचे ते बाबा. आईने पहिल्यांदाच लावला. तिने त्यांना सांगितलं की ती बाहेर आली होती. त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण तिचं उत्तर 'न्हाई' एवढंच होतं. मग तिने घाईघाईने सांगितलं की हललं काहीच नव्हतं, गिरणी बंद पडली होती, उगीच आपलं. पलीकडून बाबा बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मला त्यांचा राग आला. निदान दोन शब्द तरी बोलायचे होते.

त्यांनी नंतर मला सांगितलं की त्याच संध्याकाळी लातूर ऑफिसातून एक मजकूर आला होता, 'भूकंपाच्या अफवेने महिला रस्त्यावर'. त्यांनी तो घेतला नाही. अफवा पसरायला कोणीतरी काहीतरी बोलावं लागतं, ते म्हणाले, आणि तिथं कोणी काही बोललंच नव्हतं. मग त्याला म्हणायचं काय, हे त्यांना सुचेना. सगळे शब्द त्यांच्या हाताखालचे होते, पण त्यातला एकही बसेना. म्हणून त्यांनी पान दुसऱ्याच्या हवाली केलं आणि पहाटेची एसटी धरली.

आम्ही चहा पीत असताना ते दारात आले. हातात पिशवीसुद्धा नव्हती. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं. ते दारातच उभे राहून आईच्या पायांकडं बघत होते. तिने आता चप्पल घातली होती.

"काही झालं न्हाई म्हणून सांगितलं होतं की मी," आई म्हणाली. "कशाला आलात धावत?"

"तू अनवाणी बाहेर आलीस," बाबा म्हणाले. "आणखी काय व्हायला पाहिजे होतं?"

 कपात चहा ओतताना आईने तो बशीत सांडला आणि तसाच त्यांना दिला. मी पुस्तकात तोंड खुपसलं. एका खोलीत आणखी कुठं तोंड लपवणार?

थोड्या वेळाने गिरणीवाल्यांनी नवा पट्टा चढवला आणि फरशी पुन्हा थरथरायला लागली. बाबा ताडकन उठून उभे राहिले. आई हसली. इतक्या महिन्यांत मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती. बसा, रोजचंच हाय हे, ती म्हणाली. बाबा बसले आणि त्यांनी फरशीवर हाताचा पंजा टेकवून ठेवला, बराच वेळ. यात तू झोपतेस, त्यांनी विचारलं. आई म्हणाली की आता याच्याशिवाय झोपच येत नाही. बाबांचा चेहरा पडला. मला तेव्हा वाटलं, त्यांना तिची कीव आली. आता कळतं की ते घाबरले होते. बायकोला दुसऱ्या घराची सवय लागलेली त्यांनी पहिल्यांदा बघितली होती.

जेवण झालं. आईने वरणाला लसणाची फोडणी दिली होती, बाबा तीनदा वाढून घेऊन जेवले. मग संध्याकाळची ड्यूटी आहे म्हणून उठले. चल घरी, ते चपला घालता घालता म्हणाले, अगदी सहज, मंडईत चल म्हणावं तसं. पोरीची परीक्षा होऊ द्या, आई म्हणाली. बाबांनी मान हलवली. आई त्यांना स्टँडवर सोडायला म्हणून रिक्षातून गेली, घरातल्याच साडीवर, हातात रुमाल आणि मोबाइल.

तास गेला, दीड तास गेला. स्टँड काही इतका लांब नव्हता. मी फोन लावला तर उचलेना. जीव घाबरा व्हायला लागला तेवढ्यात तिचाच आला. मागं एसटीचा खडखडाट.

"अगं, मी गाडीत बसले," आई म्हणाली. "अहमदपूर आलं."

मला आधी काही समजलंच नाही. कपड्यांचं काय, असं काहीतरी मी विचारलं.

"कपडे घरी हायत की माझे," ती म्हणाली.  "ह्यांना जागा धरून द्यायला वर चढले, अन् गाडी हलली. मला उतरताच येईना गं. लई आठवण यायची, तुला सांगितलं न्हाई मी. वरण झाकून ठेवलंय."

मी फोन ठेवला आणि रडले. परीक्षा तोंडावर आली असताना आई मला टाकून गेली, याचा मला इतका संताप आला की मी खालांकडं जाऊन तिची तक्रार केली. खाला चाळणीची तार ओढत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "जाने दे गे. तिला बी घर हाय." मी परत आले. संध्याकाळी वरण गरम केलं, भात लावला आणि एकटीने जेवायला बसले. समोर कोणी नव्हतं. घास गिळताना आपल्याच घशाचा आवाज येत होता. आणि मग मला बाबा दिसले, त्या पितळी डब्यांच्या समोर, दीड वर्षभर रोज असेच जेवणारे. तोपर्यंत हे मला सुचलंच नव्हतं. मला आई हवी होती, आणि मला बाबांजवळ आई असायला हवी होती, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी होत नव्हत्या. मी हात धुतले आणि पुस्तक उघडलं, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

चार-पाच दिवसांनी आई परत आली. केसांना तेल, अंगावर धुवट इस्त्रीची साडी, येताना माझ्यासाठी बाबांनी घेतलेले पेन. घराबद्दल मी काही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. कणीक मळताना ती गुणगुणत होती. परीक्षेपर्यंत तिने माझं सगळं केलं, एकही दिवस चुकवला नाही. पण दुपारी ओट्यावर बसली की तिची नजर गल्लीच्या तोंडाशी असायची, आणि मी पाणी प्यायला उठले की ती दचकून माझ्याकडं वळायची.

मला मेडिकलला जागा मिळाली. आईने नांदेडची वाट धरली ती कायमची, आणि त्या दिवसापासून लातूरच्या अंकात नांदेडचे हादरे यायचे बंद झाले. माझं शिक्षण संपत आलं होतं तेव्हा ती आजारी पडली. वर्ष काढलं नाही. मी तेव्हा वॉर्डात असायची, दुसऱ्यांच्या आयांजवळ. बाबा तिच्या उशाशी बसून असत, आणि ती झोपली की मला फोन करून आज काय खाल्लं ते सांगत.

दोघांना मिळून एका घरात राहायला फार वर्षं मिळाली नाहीत. त्यातली दोन, लातूरची, माझ्याकडं आहेत. आता बाबा माझ्याजवळ राहतात, जेवायला आम्ही समोरासमोर बसतो, आणि मी त्यांच्या ताटात वरण वाढते तेव्हा ते दर वेळी पुरे म्हणतात.